एकट्यानं स्विंग शिकताना स्टेप का विस्कटतात

प्रश्न स्विंगचा, म्हणजे जॅझ संगीतावरच्या अमेरिकन नाचाचा, आणि तो असा आहे: जोडीदार नाही, घरी फरशीवर व्हिडिओ बघून दहा-बारा स्टेप पाठ केल्या आहेत, मोजत केल्या तर जमतात, पण गाणं लावलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठाला (आठ मात्रांच्या गटाला) पाय चुकतो. आणखी कोणत्या स्टेप शिकाव्यात?

सध्या एकही नको. लक्षणांवरून दोन गोष्टी कच्च्या दिसतात. कोणत्या मात्रेला वजन कोणत्या पायावर आहे हे पक्कं नाही, आणि कान पहिल्या मात्रेवर अडकलाय.

आधी कान. आपला केरवा तालही आठच मात्रांचा, पण तिथे आपण समेची वाट बघतो आणि टाळी 1 ला देतो. स्विंगमध्ये टाळी 2, 4, 6, 8 ला पडते. ड्रमवाल्याची हाय-हॅट (पायानं मिटायच्या दोन झांजा) याच जागी मिटते, तो बारीक 'चिक' शोधा. बास (खर्जातले सूर देणारं वाद्य) मात्र बहुतेक वेळ प्रत्येक मात्रेला एक सूर टाकत चालतो, तुमच्या गुडघ्यांनी त्याच्याबरोबर राहायचं. एका गाण्यात नुसतं उभं राहून दर मात्रेला गुडघे किंचित सैल सोडा आणि 2, 4, 6, 8 ला टाळ्या द्या. मात्रेवर शरीर खाली जायला हवं. नवशिके हमखास उलटं करतात, मात्रेवर टाचा उचलून वर उडतात, मग वेग वाढला की जमीन वेळेवर सापडत नाही. मात्रेच्या आतली चाल तिस्र जातीसारखी आहे: तीन भागांतले पहिले दोन एकत्र, तिसरा सुटा. 'एक-नि-दोन' म्हणताना 'नि' उशिरा यायला हवा. तो बरोबर मध्ये टाकला की सगळं कवायतीसारखं दिसतं.

आता वजन. 1930 च्या दशकातला चार्ल्सटन घ्या, ही स्विंगमधली किक मारायची आठ मात्रांची स्टेप आहे, कारण चूक त्यात लगेच उघडी पडते. 1 ला डावा पाय मागे, 2 ला वजन परत उजव्यावर, 3 ला डावी किक पुढे, 4 ला डावा खाली. 5 ला उजवी किक पुढे, 6 ला उजवा गुडघा दुमडलेला, पाय हवेतच, 7 ला उजवी किक मागे, 8 ला उजवा खाली. तोंडानं आकडे न म्हणता 'डावा, उजवा, किक, डावा, किक, थांब, किक, उजवा' असं म्हणा. वजन 1, 2, 4 आणि 8 ला बदलतं, बाकी ठिकाणी नाही.

दोन जागी गाडी घसरते. पहिली 4 ला: डावा टेकतो पण अर्धं वजन मागेच राहतं, मग 5 ची किक उशिरा निघते. उपाय म्हणजे 4 ला थांबून उजवा पाय पूर्ण उचलून बघा, तोल गेला तर वजन पोचलेलं नव्हतं. दुसरी जागा 6 ची: पुढच्या किकनंतर उजवा पाय सवयीनं जमिनीवर येतो. मग 7 ला चुकून डावा उठतो, 8 ला डावाच टेकतो आणि पुढच्या 1 ला मागे टाकायला तो मोकळाच नसतो. तुमचा पाय दुसऱ्या-तिसऱ्या आठाला चुकतो म्हणता, तेव्हा मूळ बहुधा आधीच्या 6 मध्ये आहे. किकही फुटबॉलसारखी मारू नका. मांडी थोडी उचला, गुडघ्याखालचा पाय लोंबू द्या, उभा पाय वाकलेला ठेवा. उभा गुडघा ताठ झाला की कंबर मागे जाते.

वेग मिनिटाला 120 ते 140 मात्रांचा ठेवा. चार्ल्सटन या वेगाला जड वाटतो, तो 160 च्या पुढे मोकळा होतो, पण वजन तपासायला संथ वेगच हवा.

यानंतर शिम शॅम, म्हणजे जोडीदाराशिवाय करायचा ठरलेल्या स्टेपचा नाच. 1920 च्या दशकाच्या शेवटी लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी तो टॅप नाच (बुटांच्या आवाजानं ताल वाजवायचा नाच) म्हणून बसवला. लिंडी हॉप (स्विंगचा जोडीनं करायचा नाच) करणाऱ्यांत तो रुजवला न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूम या नाचघरातले नर्तक फ्रँकी मॅनिंग यांनी. मूळ टॅपचा असल्यामुळे तो कानानं तपासता येतो, आणि एकट्यानं शिकणाऱ्याला हा मोठाच आधार आहे. पहिला भाग 8 वर सुरू होतो, 1 वर नाही: उजवा 8 ला आपटून 1 ला वजन घेतो, डावा 2 ला आपटून 3 ला. मग उजवा 4 ला आपटून 5 ला वजन, 'नि' वर झटकन डावा, पुन्हा उजवा 6 ला आपटून 7 ला वजन. आता 8 ला डावा मोकळा आहे, तेच उलट बाजूनं. असं तीनदा, मग ब्रेक, म्हणजे भाग संपवणारी वेगळी स्टेप. 8 वर आपटताना वजन द्यायचं नाही, फक्त आवाज. फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करून ऐका, 5 आणि 6 मधला 'नि' गिळला जातोय का ते लगेच कळेल. खालच्या मजल्यावर लोक असले तरी चटई नको, तिच्यात पाय अडकतो. हलकं आपटा किंवा गच्चीत जा.

शॉर्टी जॉर्ज, सूझी क्यू, फॉल ऑफ द लॉग या स्टेप पुढच्या महिन्यात आल्या तरी चालतील. शॉर्टी जॉर्ज हे नाव सॅव्हॉयचे नर्तक जॉर्ज 'शॉर्टी' स्नोडेन यांच्यावरून पडलं. त्यात गुडघे जोडून खाली बसत चालायचं असतं. लोक कंबर हलवतात, हलायला गुडघे हवेत. सूझी क्यूत ओलांडून टाकलेला पाय टाचेवर फिरतो, तळवा पूर्ण टेकलेला असेल तर पिळा गुडघ्याला बसतो.

म्हणून पायात काय घालता ते महत्त्वाचं. रबरी तळाचे धावायचे बूट फरशीला धरून ठेवतात, अनवाणी पाय घामानं चिकटतो, आणि नुसते मोजे गुळगुळीत फरशीवर धोक्याचे. तळ झिजलेले जुने कॅनव्हास किंवा चामडी तळाचे बूट घ्या. उभं राहून एका पायाच्या चवड्यावर पाव वळण घ्या: गुडघा ओढला न जाता पाय फिरला, आणि थांबवल्यावर थांबला, तर ते बूट चालतील.

व्हिडिओ शक्यतो पाठमोऱ्या नर्तकाचे निवडा, नाहीतर आरशासारखे उलटवून बघा. समोरून बघून शिकलेला शिम शॅम डाव्यानं सुरू होतो, आणि घोळक्यात नाचायची वेळ आली की शेजाऱ्याच्या पायावर पाय पडतो.