इम्प्रोव्हला पहिल्यांदा उभा राहतोयस तर

इम्प्रोव्ह म्हणजे संहितेशिवाय, स्टेजवर जागच्या जागी सुचेल ते खेळणं. पन्नास खुर्च्यांची जागा, पहिल्या रांगेचे गुडघे जवळजवळ स्टेजला टेकलेले. पोटात गोळा येणारच. मी पहिल्या दिवशी 'डॉक्टर' होऊन आलेल्या जोडीदाराला 'तू तर पोस्टमन' म्हटलं आणि प्रवेश तिथेच आडवा झाला.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- समोरचा म्हणेल ते खरं धर आणि त्यात भर घाल. तो म्हणाला, 'काकू, गीझर गळतोय', तर तू काकूच. 'मी काकू नाही' यावर एकदा हशा मिळतो, पण पुढे खेळायला काही उरत नाही. त्यापेक्षा 'बादली लाव. भाडं दे, मग प्लंबर बोलावते' म्हण. नातं, जागा, भांडण, सगळं आलं!
- ऐक. नवखे मनात पुढचा विनोद जुळवत बसतात आणि समोरचं वाक्य हुकतं.
- प्रश्नांचा भडिमार नको. 'कोण तू? इथे काय करतोस?' म्हणजे सगळं ओझं जोडीदारावर.

घरून पंच पाठ करून आणू नकोस, लगेच कळतं. आपल्या तमाशातल्या बतावणीत सोंगाडी समोरचा शब्द पकडूनच उलटवतो, तसं बघ. शिकागोच्या 'सेकंड सिटी' या विनोदी नाट्यसंस्थेत (सुरुवात १९५९) प्रेक्षकांनी सुचवलेल्या शब्दावर प्रवेश उभे राहतात; तसा शब्द मिळाला की पहिलं सुचेल ते घे.

'हॅरॉल्ड'सारखे लांब प्रकार सध्या राहू देत. महिनाभर दोन-दोन मिनिटांचे खेळ कर. आणि पहिल्या रांगेतल्या काकांची टिंगल नको, ते तिकीट काढून आलेत.