पोटातला मुरडा आणि ऑफिसातला ‘ग्राइपर’

प्रश्न : माझी मुलगी सीताबर्डीतल्या एका ऑफिसात नोकरीला आहे. मे महिन्यात कूलरचा पंप जळाला. आठ दिवस कोणी बघेना, तेव्हा तिनं दोनदा लेखी कळवलं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “यू आर अ ग्राइपर.” घरी येऊन तिनं शब्दकोश उघडला, तर ‘ग्राइप’ म्हणजे पोटातला मुरडा! बाळाच्या ग्राइप वॉटरशी या शब्दाचं काही नातं आहे का?
– एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आहे ताई, अगदी सख्खं. ग्राइपर म्हणजे सतत कुरकुर करणारा माणूस. मूळ क्रियापद जुन्या इंग्रजीतलं ‘ग्रीपन’, म्हणजे घट्ट पकडणं. स्कूटरच्या मुठीला आपण ग्रिप म्हणतो, तो शब्द याच घरातला. पोटात कळ उठली की आतडं कोणी मुठीत धरून पिळतंय असं वाटतं, म्हणून त्या कळेलाच ग्राइप म्हणू लागले. १८५१ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्यानं तान्ह्या बाळांसाठी जे पाणी तयार केलं, त्याचं नाव यावरूनच पडलं. त्यात शेपूच्या बियांचं तेल असे. आपल्या बाळंतशोपा त्याच.

तक्रारीचा अर्थ बराच उशिरा, १९३०च्या सुमारास अमेरिकी बोलीतून आला. कळ आलेलं मूल किरकिर करतं आणि मोठ्यांच्या तक्रारीलाही आपण किरकिरच म्हणतो, त्यामुळे मला हा प्रवास अगदी स्वाभाविक वाटतो. त्याआधीपासून तिकडे ‘बेलीएक’ हा शब्दही कुरकुरीसाठी होता. त्याचं मराठी मात्र पोटदुखी करू नका. आपलं पोट दुखतं ते शेजाऱ्याचं बरं झालेलं पाहून.

मला यात खरा आनंद मुरडीचा आहे. नागपूरच्या महाल भागातल्या घरी माझ्या सासूबाई माझ्या लेकासाठी गुटी उगाळायच्या, तेव्हा सहाणेवर मुरडशेंगेचे वेढे ठरलेले. दोरीला पीळ घालावा तशी ती शेंग. ‘मुरडणे’ म्हणजे वळणं, पीळ पडणं. त्यातूनच पोटातला मुरडा आला आणि नाक मुरडणंही. नापसंती दाखवायला आपल्याकडेही तोच पीळ कामी आला, फक्त पोटाऐवजी नाकावर.

आता साहेबांचं बोलणं. ग्राइप म्हणजे बारीकसारीक गोष्टीची, पुन्हा पुन्हा केलेली कुरकुर. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांजवळ असताना बंद पडलेला कूलर ही बारीकसारीक गोष्ट नाही, आणि ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्याला लेखी कळवणं ही कुरकुर नाही. तो शब्द तुमच्या मुलीला लागूच होत नाही, हे तिला माझ्याकडून जरूर सांगा. आणि पंप बसला का, तेवढं पुढच्या पत्रात कळवा.