स्टीलच्या पट्टीवरचा पीनिपामचा थर फ्रिजमध्ये का निघून गेला?

भाऊ, तुमच्या प्रश्नातलं मी असं समजलो: धुळ्याच्या लॅबमध्ये एप्रिलात स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर थायॉलचा (गंधकवाल्या रेणूचा) इनिशिएटर, म्हणजे साखळी सुरू करणारा रेणू, बसवून एटीआरपीने (कॉपरच्या मदतीने साखळ्या ताब्यात ठेवून वाढवण्याच्या पद्धतीने) पीनिपाम हा तापमानानुसार वागणारा पॉलिमर वाढवला. थर जाड दिसला, तीनदा धुऊनही टिकला आणि फ्रिजमधल्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावर पट्टी कोरी निघाली.

माझ्या मते तो थर पट्टीला कधी जोडलेलाच नव्हता. पीनिपाम साधारण ३२ अंशांच्या खालीच पाण्यात विरघळतो, त्याच्यावर गेला की साखळ्या आकसून बाहेर पडतात. आपल्याकडे एप्रिलात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, आणि लॅबमध्ये ठेवलेलं डिस्टिल्ड वॉटरही ३२ च्या वरच असतं. म्हणजे तुम्ही ज्या पाण्याने धूत होतात, त्यात सुटा पॉलिमर विरघळूच शकत नव्हता. तो पट्टीवर चिकटून बसला आणि गार पाणी मिळताच निघून गेला. जळगावात मीही एका उन्हाळ्यात असल्याच थराची जाडी मोजत तीन आठवडे घालवले आहेत, म्हणून इतक्या खात्रीने सांगतोय.

मग हा सुटा पॉलिमर आला कुठून? थायॉल सोन्यावर छान बसतं. स्टीलवर मात्र क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा असतो, त्याला ते नीट धरत नाही. सुटलेला इनिशिएटर द्रावणात गेला आणि साखळ्या तिथेच वाढल्या. सोन्यावरची कृती स्टीलला तशीच लावू नका. डोपामिनला ब्रोमोआयसोब्युटिरिल ब्रोमाइड जोडून केलेला इनिशिएटर घ्या, त्यातला कॅटेकॉल हा भाग ऑक्साइडला धरतो. फॉस्फॉनिक अॅसिडवालाही चालतो. पट्टी आधी अॅसिटोन आणि इथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिकने साफ करा, आणि इनिशिएटर बसवल्यावर भरपूर धुवा. ही धुलाई वाचवू नका.

थोडं कॉपर(दोन) ब्रोमाइड सुरुवातीलाच घाला. पट्टीवरचा इनिशिएटर इतका थोडा असतो की साखळ्यांना लगाम घालण्याइतकं कॉपर(दोन) आपोआप तयार होत नाही. लिगंड, म्हणजे कॉपरला धरून ठेवणारा रेणू, मी-सिक्स-ट्रेन घ्या. ऑक्सिजन घालवायला द्रावणात नायट्रोजन सोडायचाच, पण ऑक्सिजनचा त्रास फार असेल तर अॅस्कॉर्बिक अॅसिडची एआरजीईटी पद्धत (एटीआरपीचाच प्रकार, त्यात हे अॅसिड कॉपरला पुन्हा कामाला लावतं) बरी.

एक सावधगिरी. मिथेनॉल आणि पाणी दोन्हींत पीनिपाम विरघळतो, म्हणून त्यांचं मिश्रण धुण्यासाठी सुरक्षित वाटतं. पण सम प्रमाणाच्या आसपास त्याची विरघळण्याची ३२ अंशांची मर्यादा उलट कोसळते, पार बर्फाच्या तापमानाखाली. तेव्हा शुद्ध मिथेनॉलने धुवा, मग बर्फाच्या पाण्याने.

आणि दरवेळी इनिशिएटर न लावलेली एक पट्टी त्याच फ्लास्कमध्ये सोडा, तशीच धुवा. तिच्यावरही थर दिसला तर दुसरीच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. पुढे पाण्याचा संपर्ककोन (थेंब पट्टीशी करतो तो कोन) २० आणि ४० अंश सेल्सिअसला आलटून पालटून मोजा, खऱ्या जोडलेल्या पीनिपामचा कोन दरवेळी बदलेल आणि परत येईल. कोऱ्या पट्टीचे आकडेही इथे टाका, मी बघतो.