कुत्रा जर्मनीला न्यायचाय तर आधी चिप, मग इंजेक्शन

ताई, तुम्ही लिहिलंय की चिंगी ही तुमची चार वर्षांची इंडी (देशी) कुत्री आहे, म्युनिकचं जॉइनिंग पाच महिन्यांवर आलंय आणि खारघरचे डॉक्टर म्हणाले रेबीजचं कार्ड आहे ना, मग झालं. नाही हो, तेवढ्यावर नाही होत. आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातून आमच्या कुत्र्याला, शेरूला, युरोपात आणलं तेव्हा आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन आधी दिलं आणि मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळख नंबराची चिप) नंतर बसवली, आणि युरोपात चिपच्या आधीचं इंजेक्शन धरतच नाहीत, कारण ते नक्की याच कुत्र्याला दिलं याचा पुरावा चिपशिवाय नसतो. सगळं पहिल्यापासून करावं लागलं, हे पुढे गेले आणि मी शेरूला घेऊन आईकडे राहिले. फार जड गेले ते महिने.

म्हणून याच आठवड्यात चिप बसवा, 15 आकडी आयएसओवाली (आंतरराष्ट्रीय मानकाची), डॉक्टरांना स्कॅनरने नंबर वाचायला लावा आणि तारखेसकट कार्डावर लिहून घ्या. त्यानंतर रेबीजचं इंजेक्शन, मग किमान 30 दिवस थांबून टायटर टेस्टसाठी रक्त, म्हणजे रक्तात रेबीजविरुद्ध पुरेशा अँटीबॉडी तयार झाल्यात का ते बघतात. सीरम (रक्तातला वेगळा काढलेला द्रव) युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या लॅबलाच गेलं पाहिजे, टायटरचा आकडा 0.5 IU/ml किंवा वर हवा. आणि रिपोर्ट लगेच आला तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून 3 महिने झाल्याशिवाय एंट्री नाही, कितीही पैसे भरा, हे कमी होत नाही. म्हणजे चार महिने यातच गेले, आणि टायटर कमी आला तर रक्त परत, 3 महिने परत. रेबीजचा पुढचा बूस्टर तारखेच्या आत द्या, चुकला तर हीच टेस्ट पुन्हा.

ईयूचं (युरोपियन युनियनचं) हेल्थ सर्टिफिकेट अगदी शेवटी, ते 10 दिवसच चालतं. त्यासाठी अ‍ॅनिमल क्वारंटाइन या सरकारी खात्याच्या मुंबई ऑफिसशी आधीच बोलून ठेवा. तुमच्या आणि चिंगीच्या प्रवासात 5 दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर वेगळे, कमर्शियलचे (व्यापारासाठी नेलेल्या प्राण्यांचे) नियम लागतात, त्यामुळे "मी पुढे जाते, कुत्री दोन महिन्यांनी येईल" असं ठरवू नका.

क्रेट मात्र आत्ताच आणा. तिला आत उभं राहता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. झोपेचं औषध अजिबात देऊ नका, विमानात श्वास आणि बीपीचा त्रास होऊ शकतो. शेरू फटाक्यांना फार घाबरायचा, आम्ही क्रेट डायनिंग टेबलाखाली आईची जुनी साडी घालून ठेवला, दिवाळीपर्यंत तो आपणहून त्यात जाऊन झोपायला लागला आणि विमानात तीच साडी त्याच्या अंगाखाली होती.