डिझेलची वही मागून घे

अगं,

तुझा मेल वाचला. सिनेमा-मालिका बनवणाऱ्या चार-पाच निर्मिती संस्थांना एकत्र आणून ‘ग्रीन शूटिंग’चा, म्हणजे प्रदूषण कमी करून शूटिंग करण्याचा, करार करायचं काम तुझ्याकडे आलंय, छान झालं. सोबतची यादीही पाहिली: स्टीलच्या बाटल्या, कागदाविना कॉलशीट (रोजच्या शूटिंगचं वेळापत्रक), पॅकअपच्या दिवशी वृक्षारोपण. बाटल्या राहू देत. वृक्षारोपण काढून टाक, त्यातून फोटोपलीकडे फारसं काही हाती लागत नाही. आणि जनरेटर-गाड्यांच्या डिझेलचा तर यादीत उल्लेखच नाही!

तू ब्रिटनच्या ‘अल्बर्ट’चा दाखला दिलायस, तर ते प्रकरण नीट समजून घे. अल्बर्ट म्हणजे बीबीसीत तयार झालेला, शूटिंगचा कार्बन मोजण्याचा कॅल्क्युलेटर. तो २०११ मध्ये बाफ्टाकडे, म्हणजे तिथल्या सिनेमा-टीव्हीच्या अकादमीकडे आला आणि आयटीव्ही, चॅनल फोर, स्काय अशी एरवी एकमेकांचे प्रेक्षक पळवणारी मंडळी त्याच हिशेबावर आली. सगळ्यांच्या हातात मापटं एकच. पुढे २०२२ पासून बीबीसीने नव्या कार्यक्रमांना अल्बर्टचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. अट कामाच्या ऑर्डरमध्येच आली की निर्मात्याला पळवाट उरत नाही. नुसत्या सदिच्छेवर चालणारे उपक्रम बजेट घसरलं की आधी कापले जातात, हे तू लवकरच बघशील.

अमेरिकेत डिस्ने, नेटफ्लिक्स, सोनी वगैरेंच्या ‘सस्टेनेबल प्रॉडक्शन अलायन्स’ने २०२१ मध्ये आपले आकडे उघड केले. अवाढव्य बजेटच्या चित्रपटामागे सरासरी ३,३७० टन कार्बन, आणि त्यातला जवळपास निम्मा इंधनातून, म्हणजे गाड्या आणि जनरेटर. हा आकडा मराठी सिनेमाला चिकटवू नकोस, मीटिंगमध्ये लोक हसतील. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की आधी इंधन बघ.

आता आपल्याकडचं. आउटडोअरला जाशील तेव्हा जेवणाच्या ब्रेकमध्ये कलाकारांच्या व्हॅनिटी व्हॅनच्या रांगेजवळ जाऊन उभी राहा. आत कुणी नसतं, एसी मात्र चालू, आणि त्या एसीसाठी जनरेटर धडधडत असतो. मग जनरेटरवाल्या दादांशी बोल. त्यांच्याकडे तेलाचे डाग पडलेली एक वही असते: सुरू किती वाजता, बंद किती वाजता, डिझेल किती भरलं. ती वही मागून घे. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दिवसाला दीडशे लिटर गेलं तर चारशे किलो. कॅल्क्युलेटरमध्ये भरायची बरीचशी माहिती त्या वहीतच आहे; बाकीची ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलांत.

वही वाचलीस की करारातली गोम कळेल. अनेकदा जनरेटरचं भाडं शिफ्टवर असतं आणि डिझेल वेगळं, निर्मात्याच्या खात्यावर. मग पुरवठादार कशाला वाचवेल? शिवाय ऐनवेळी लाइट वाढले तर पंचाईत नको म्हणून गरजेपेक्षा मोठा जनरेटर मागवतात आणि तो दिवसभर अर्ध्याहून कमी लोडवर डिझेल पीत बसतो.

मालिकांचं गणित वेगळं, आणि तिथे सोपा फायदा आहे. घोडबंदर रोडवर किंवा मढच्या बंगल्यांत एकेक सेट वर्षानुवर्षं उभा असतो. अशा ठिकाणी जनरेटरऐवजी पुरेशा लोडचा विजेचा मीटर घेता येतो. सिनेमाच्या युनिटलाही तात्पुरती जोडणी मिळते, फक्त अर्ज वेळेत करावा लागतो. लोकेशन फायनल व्हायच्या आत कुणीतरी त्यामागे लागलं पाहिजे. ते ‘कुणीतरी’ म्हणजे तू.

पण वाईच्या बाजूला घाटावर शूटिंग असेल तर मीटर कुठून आणणार? तिथे बॅटरीचे युनिट लागतात, आणि भागीदारीचा खरा उपयोग इथे होतो. डिस्ने आणि नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये ‘आरएमआय’ या संस्थेसोबत डिझेल जनरेटरला पर्याय देणाऱ्या कंपन्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. भाड्याने देणारा माणूस महागडी यंत्रं विकत घेऊन ग्राहकाची वाट बघत बसणार नाही. दोन मोठी गिऱ्हाइकं एकत्र दारात आली तर गोष्ट वेगळी. इथेही तसंच. एका निर्मात्याच्या आठवडाभराच्या शूटिंगसाठी कुणी बॅटरी युनिट घेणार नाही. पाच जणांनी मिळून वर्षभराच्या शिफ्टची हमी दिली तर तो निदान हिशेब मांडेल.

म्हणून तुझ्या करारात तीन-चार पानांची प्रस्तावना नको. सगळ्यांच्या जनरेटरच्या वहीचा नमुना एकच असावा. वाचलेल्या डिझेलच्या पैशातला वाटा पुरवठादाराला मिळावा. आणि ती शिफ्टची हमी, आकड्यासकट. सेट मोडल्यावर प्लायवूड कुणाकडे जाणार हेही लिही, पण पुढच्या टप्प्यात. आर्टवाल्यांशी एकाच वेळी भांडण उकरून काढू नकोस.

मीटिंगला कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांच्या (सामाजिक उपक्रम बघणाऱ्यांच्या) आधी दोन जनरेटरवाले आणि एक गॅफर, म्हणजे सेटवरच्या लाइटचा प्रमुख, बोलाव. गॅफरला तारीख जमत नसेल तर मीटिंग पुढे ढकल. लोड किती लागणार हे तोच सांगतो, आणि त्याने मान हलवल्याशिवाय लहान जनरेटर कुणीही मागवणार नाही. वह्यांचे फोटो मिळाले की मला पाठव, आकडे आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
ताई