पाठीचा ब्रेस घालायला मुलगी तयारच नाही, काय करू?

"दप्तराच्या ओझ्यानेच झालं ना मॅडम हे?" मुलांच्या मणक्याला एका बाजूला बाक आला, म्हणजे स्कोलिओसिस निघाला की आईवडील हे विचारतातच आणि खरं त्यांना विचारायचं असतं की आमचं कुठे चुकलं. तर आधी सरळ सांगते, दप्तराने होत नाही, पोक काढून बसल्याने होत नाही, कॅल्शियम कमी पडलं म्हणूनही नाही. वाढीच्या वयात दिसणाऱ्या बहुतेक केसेसमधे नेमकं कारण सापडतच नाही, घरात कुणाला असेल तर शक्यता वाढते एवढंच.

एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. मुलगी सातवीत, ड्रेसचं माप घेताना टेलरताईंना एक खांदा वर दिसला. पुढे वाकवलं तर पाठीत एका बाजूच्या बरगड्या उचललेल्या, कारण मणका नुसता वाकत नाही तर पिळतो पण आणि बरगड्या त्याच्याबरोबर फिरतात. एक्सरेत बाकाचा कोन ३१ डिग्री. वाढ अजून बरीच बाकी होती म्हणून डॉक्टरांनी दिवसाला १८ तास ब्रेस, म्हणजे मणक्याला आधार द्यायला धडाभोवती घालायचा कडक पट्टा, सांगितला. आणि घरात रोज भांडण सुरू, आई मागे लागणार, पोरगी काढून पलंगाखाली टाकणार, आजीचं मधेच "लग्नाच्या वेळी काय सांगायचं लोकांना".

मी मुलीशी एकटीशी बोलले. ती म्हणाली, आई रडते म्हणजे मला काहीतरी भयंकर झालंय आणि कुणी सांगत नाहीये. तिला ब्रेस कशासाठी आहे हेच कुणी नीट सांगितलं नव्हतं! मग एक्सरे समोर ठेवून बोललो. ब्रेसने पाठ सरळ होईलच असं नाही, वाढ थांबेपर्यंत बाक वाढू द्यायचा नाही आणि ५० डिग्रीपर्यंत, म्हणजे ऑपरेशनपर्यंत जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. २०१३ मधे अमेरिका-कॅनडातल्या मुलांवरचा अभ्यास आला, त्यात ब्रेसवाल्या ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीत गेला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्यांमधे ४८ टक्के. आणि जी मुलं दिवसाला साधारण १३ तासांच्या वर घालत होती त्यांच्यात तर ९० टक्क्यांच्या पुढे. ती लगेच म्हणाली, म्हणजे झोपेतले पण तास धरायचे? हो ग, सगळे धरायचे.

तिचे प्रॉब्लेम फार साधे निघाले. काखेत घासतं, घाम येतो, वर्गात कुणी पाठीवर थाप मारली तर कडक लागतं. ब्रेस बनवणाऱ्यांनी कड घासून दिली, आत शिवण नसलेला सुती बनियन, युनिफॉर्म एक साइज मोठा, जवळच्या दोन मैत्रिणींना तिने स्वतः सांगितलं. पीटीला काढायची परवानगी डॉक्टरांनी दिली, खेळ बंद करायची गरज नसतेच मुळी. तास ती स्वतः वहीत लिहिते. आईला मी एकच काम दिलं आणि तेच सगळ्यात जड गेलं: दिवसभर ब्रेसबद्दल विचारायचं नाही, आठवड्यातून एकदा वही दोघींनी मिळून बघायची. आजीलाही बोलावलं, या बाकाने संसार अडत नाही, बाळंतपणही होतं हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं.

१८ तास रोज होत नाहीत, परीक्षेच्या दिवसांत कमीच. पण पुढच्या एक्सरेला बाक वाढलेला नव्हता. आता धाकट्या बहिणीलाही एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या असं सांगितलंय.