लहान पापलेट पकडू नका असं हर्णैच्या मच्छीमारांना भाषणात सांगायचंय. थापा न मारता पटवायचं कसं?

त्यांचा सगळ्यात जड आक्षेप आधी तुम्हीच बोलून दाखवा आणि तिथल्या तिथे त्याचं उत्तर द्या. आक्षेप उघड आहे: ‘आम्ही सोडलं तर मागची बोट पकडणार, मग डिझेलचे पैसे कोण देणार?’ तो टाळून नुसतं ‘मासा वाचवा’ म्हणालात, तर मागून कोणीतरी ओरडणारच, आणि मग माईक हातात असून नसल्यासारखा. मन वळवण्यावरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित आढावेही हेच सांगतात, की विरोधी मुद्दा मांडून खोडणारं बोलणं एकतर्फी बोलण्यापेक्षा जास्त पटतं. मात्र मुद्दा नुसता काढून उत्तर न देता सोडलात, तर एकतर्फी भाषण परवडलं.

आकडे फुगवू नका. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायला राज्यात २०२३ पासून मनाई आहे, तेवढंच सांगा आणि लिलावातलं एखादं पापलेट पट्टीवर मोजून दाखवा. ‘पाच वर्षांत मासाच संपेल’ वगैरे पुरावा असेल तरच. आणि हो, तुम्ही एखाद्या संस्थेकडून किंवा पक्षाकडून बोलत असाल तर ते पहिल्याच वाक्यात सांगून टाका. गावात ते संध्याकाळपर्यंत कळतंच.